पेटीतला सुका जवळा

मला सांभाळलं ते मानोऱ्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी. त्यांच्या सांगण्यावरून तांड्यावरच्या याडीनं, आणि न सांगता घरमालकीण काकीजींनी. हे आधीच लिहून टाकते. माझा स्वभाव घाबरट, बोलता बोलता मुख्य गोष्टच राहून जाते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कोकणातली, समुद्राकाठची. सातवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं. नवरा लाइनमन, खेडोपाडी विजेच्या तारा ओढायच्या कामावर, म्हणून मानोऱ्यात येऊन पडलो. तो चार-चार दिवस किन्हीराजा गावाकडं नाही तर आणखी कुठं खांबावर, आणि मी एका जैन दुकानदाराच्या घरातल्या मागच्या खोलीत. बायका बोलायच्या ते अर्धं कळायचं नाही. मी बोलले की त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण मी बोलणंच कमी केलं.

आईनं निघताना पेटीत तळाशी सुक्या जवळ्याची, म्हणजे वाळवलेल्या बारीक कोळंबीची, पुरचुंडी घातली होती. जैनाच्या घरात तो भाजणार कसा? दुपारी दार लावून पेटी उघडायची, वास घ्यायचा आणि झाकण लावायचं, एवढंच.

एके दिवशी नर्सबाई दारात आल्या. उंच, ठसठशीत, हातात छत्री. आदल्या वर्षी आसपासच्या गावांतल्या दोघी-तिघींनी जीव दिला होता. बाई स्वतः नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडून शिकून आल्या होत्या आणि आता गावोगावच्या बायकांना शिकवणार होत्या, की अशा वेळी माणूस ओळखायचं कसं, त्याच्याशी बोलायचं काय, त्याला धरून ठेवायचं कसं. थोडंफार वाचता येणारी बाई त्यांना हवी होती. मी नाही म्हणणार तेवढ्यात काकीजी आतून ओरडल्या, "जाते, जाते! दिवसभर भिंती पाहत बसते ती."

परीक्षा असेल या भीतीनं मी वाटभर पाढे म्हणत गेले. पाढे कोणी विचारले नाहीत.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजीवर आम्ही दहा-बारा जणी. माझ्या शेजारी बंजाऱ्यांच्या तांड्यावरची एक बाई, हातभर बांगड्या, घागऱ्याला आरसे. सगळ्या तिला याडी म्हणत. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. ती होतीही तशीच, सगळ्यांना दम भरणारी.

बाई शिकवायच्या ते फार सोपं वाटायचं, करायला गेलं की जमायचं नाही. उपदेश करायचा नाही. देवाची शपथ घालायची नाही. ऐकायचं. आणि मनात शंका आली तर सरळ विचारायचं, जीव द्यावा असं वाटतं का?

"अवो बाई," याडी म्हणाली, "असं विचारलं तर नसन तेबी मनात यीन ना!"

"नाई येत. विचारल्यानं मनात नवं काही पडत नाई. असन ते बाहेर येते."

मग नाटक. एकीनं दुःखी व्हायचं, दुसरीनं विचारायचं. दुःखी म्हणून बाईंनी मला बसवलं आणि समोर याडीला.

"काय झालं वं तुले?" याडीनं कंबरेवर हात ठेवून सुरुवात केली. "खाऊनपिऊन तर बरी दिसून राह्यली!"

व्हरांडा हसला. मीही हसले.

"तू ठाणेदार आहेस का वं? खाली बस, अन् तिले बोलू दे," बाई म्हणाल्या.

याडी बसली. गुडघ्याला गुडघा लावून गप्प राहिली. आता काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बोलू लागले. आधी नाटकातलंच. घर लांब आहे, माणसं नाहीत. मग नवरा खांबावर असतो, आईला लिहिता येत नाही, तिचं काही कळत नाही. मग मी म्हणाले, रात्री निजताना वाटतं, सकाळ झालीच नाही तर बरं.

मग टाळ्या! "काय नाटक केलं वं पोरीनं!" "जत्रेतल्या नाटकात पाठवा इले!" याडीनं तर माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. मी डोळे पुसून हसले. कौतुक इतक्या दिवसांनी मिळालं होतं, ते परत कसं करणार?

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या एकट्या बाईंनी. त्यांनी सगळ्यांना चहाला पाठवलं आणि माझ्याजवळ सतरंजीवर बसल्या.

"ते नाटक नव्हतं ना?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

"जीव द्यावा असं वाटते का तुले?"

शिकवलं होतं अगदी तसंच विचारलं. मला वाटलं, हो म्हटलं की या किंचाळतील, पोलीस बोलावतील, नवऱ्याची नोकरी जाईल. तरी तोंडातून निघालं, "हो. कधी कधी."

बाई किंचाळल्या नाहीत. "बरं केलं सांगितलं," म्हणाल्या. "आज घरी कोण आहे?"

"कोणी नाही."

"मंग आज माह्याकडं. धनी येईपर्यंत तिथंच राहायचं."

त्यांच्या क्वार्टरमध्ये ज्वारीची भाकरी आणि झुणका होता. त्यांनी आणखी विचारलं, मी आणखी सांगितलं. मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं. नवऱ्याला सांगायचं ठरलं. "अजून कोणाले सांगू? तुझ्या मर्जीशिवाय नाई सांगत," त्या म्हणाल्या. मी खूप विचार करून म्हणाले, याडीला.

"आणि काय खावंसं वाटते?"

मी जवळ्याचं सांगितलं. पेटीचं, वासाचं सगळंच. बाई इतक्या हसल्या की भाकरी तव्यावर करपली.

नवरा आला. त्याला सांगताना बाई शेजारी बसल्या होत्या. त्यानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "मला का नाही सांगितलंस गे?"

"आता सांगितलं ना," बाई म्हणाल्या. "आता तुमी ऐकाचं."

त्यानं ऐकलं. साहेबाला भेटून रात्री घरी येता येईल अशी जवळची कामं मागून घेतली. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, बोलणं चालू ठेवायला सांगितलं. मी ठीक होईन, याची खात्री मला सोडून सगळ्यांना होती.

आणि बाजाराच्या दिवशी, भर सकाळी, काकीजी अंगणात मूग निवडत असताना फाटकातून याडीची आरोळी आली.

"चाल वं पोरी! तुझे मासे भाजाले!"

बाईंनी तिला जवळ्याचंही सांगितलं होतं तर! मला वाटलं, धरणी दुभंगावी. मेलं घर गेलं, आता दुसरी खोली कुठं शोधायची? काकीजींनी सूप खाली ठेवलं. याडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "तो उंदीर नव्हता?"

दोन महिने त्यांनी मेलेल्या उंदरासाठी माळा उपसला होता, कोठारातली पोती हलवली होती, दुकानातल्या नोकराला छपरावर चढवलं होतं.

मी रडायच्या बेतात. याडी मात्र पोट धरून अंगणातच बसली. तिचं पाहून काकीजींनाही हसू आवरेना. "घेऊन जा ते सगळं," त्या म्हणाल्या. "तिकडंच ठेव, तिकडंच खा, आणि न्हाऊन मगच घरात ये. आणि ऐक, दुपारी पापड लाटायला बस माझ्याबरोबर. एकटी बसू नकोस."

तांड्यावर तीन दगडांच्या चुलीवर मी जवळा भाजला, कांदा-मिरची घातली. याडीच्या नातवंडांनी एक घास खाल्ला, थुंकला आणि मग दुसरा मागितला. त्यानंतर माझी पुरचुंडी याडीच्या खोपटात असायची आणि दर बाजाराला मी तिकडं जायची. वर्गही पुरा केला. पुढं बाईंबरोबर घरोघर जाऊन मीच विचारू लागले. पहिल्यांदा विचारायला निघाले तेव्हा मी पुन्हा वाटभर पाढे म्हणत गेले.

एकदा वाटेत बाई म्हणाल्या, "समुद्र नाई पाह्यला मी कधी. पुरातल्या अरुणावतीएवढा असते का वं?"

"बाई, पलीकडचा काठच दिसत नाही."

"खोटं नको बोलू," त्या छत्री टेकत म्हणाल्या.

पुढं त्यांची बदली झाली, आमचीही. मी अजून घरापासून लांबच आहे, पण सकाळ झाली की उठावंसं वाटतं. ज्यांनी सरळ विचारलं त्यांचं देणं अजून अंगावर आहे. बाई, एक दिवस मी तुम्हाला आमच्या गावी नेणार. वाळूत उभं करून पलीकडचा काठ शोधायला लावणार. मग आईच्या चुलीशी बसवून जवळा वाढणार, आणि तुम्ही नाक दाबलंत तरी एक घास खायलाच लावणार.