कार्टूनमधली न दिसणारी आई

टीव्हीच्या काचेवर स्क्रूड्रायव्हरची मूठ टेकवून ते विचारायचे, "मास्तर, या पिल्लाची माय कुठी हाय, सांगा बरं."

ते म्हणजे पुसदच्या आमच्या गल्लीतले टीव्ही मेकॅनिक. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही. त्यांचं दुकान माझ्या ओसरीच्या बरोब्बर समोर. दुरुस्त झालेला टीव्ही ते कायम कार्टूनवर तपासत. पुढाऱ्याचा चेहरा कुठल्याही रंगात खपून जातो, पण खार हिरवी दिसली की लहान पोरही बोट दाखवतं, असं त्यांचं म्हणणं. आवाज एकदा तपासला की बंद. समोरच्या निवृत्त मास्तरच्या डोक्याला ताप नको, एवढी त्यांची माणुसकी.

वीस वर्षं मुकी कार्टून पाहणाऱ्या माणसाचं काय होतं, याचा तुम्ही कधी विचार केला नसेल. तो अर्थ लावू लागतो.

एका खारीच्या पिल्लाची मालिका होती. पिल्लू ढोलीत एकटं राहायचं आणि रोज त्याला आईचा फोन यायचा. आई कधीच दिसायची नाही. आमच्या गल्लीतली पोरं ती पाहून हसत मोठी झाली. चाचांनी मात्र मेकॅनिकच्या नजरेनं फोनची तार पाहिली. ती टेबलावरून खाली यायची आणि भिंतीपर्यंत पोचायचीच नाही.

"कनेक्शनच नाही," ते हलक्या आवाजात म्हणायचे. "मंग फोन येते कुठून? माय मेलेली हाय, मास्तर. पिल्लाले कोनी सांगतलं नाही."

चित्रकार कंटाळला असेल, असं मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मी पस्तीस वर्षं मुलांना कवितांचे गर्भितार्थ लिहून दिलेले, त्यामुळे मला फार हसताही येईना.

मग कुणीतरी त्यांना मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यातला माणूस नुकताच भुयारातून बाहेर आल्यासारखा, घोगऱ्या आवाजात, तेच रहस्य सांगत होता. मागे ढोल वाजत होते. खारीच्या एका पिल्लासाठी एवढे ढोल. पण चाचांची छाती फुगली. त्या दिवसापासून दुकानात टीव्ही न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सिद्धांत ऐकूनच जावं लागे. बायका हळहळत. एक कंडक्टर म्हणाला, लहानपणची एक गोष्ट धड उरली होती, तीही तुम्ही मारली चाचा. चाचा खूश.

मार्च संपता संपता त्यांची नात आली. सहा वर्षांची. तिची अम्मी, म्हणजे चाचांची मुलगी, ढाणकीला दिलेली. तिला नागपूरच्या दवाखान्यात भरती केलं होतं. जावई तिच्याजवळ. औषधांनी केस गेले होते, म्हणून तिनं बजावलं होतं की पोरीला आपला चेहरा दाखवायचा नाही. रोज चार वाजता नुसता फोन यायचा. पोरगी चाचांच्या टेबलावर बसून बोलायची, गल्लीतल्या पोरांच्या चुगल्या सांगायची, आणि फोन ठेवला की समोर जे कार्टून चालू असेल ते पाहायची.

चाचांचा सिद्धांत तिनं किती वेळा ऐकला, कोण जाणे. मोठी माणसं बोलतात तेव्हा मुलं खेळत असतात, असा आपला सगळ्यांचा समज आहे.

एके दिवशी चार वाजता फोन वाजला आणि पोरगी टेबलाखाली शिरली. चाचांनी बोलावलं, मी बोलावलं, ती येईना. दोन्ही हात कानांवर घट्ट. फोन वाजून वाजून थांबला. खाली वाकून चाचांनी विचारलं, काय झालं बेटा? ती कुजबुजली, "अम्मी के फोन को तो तार ही नहीं है, नाना."

चाचांनी तिला बाहेर काढलं, मोबाईलला तार नसतेच म्हणून समजावलं, कार्टून खोटं असतं म्हणून सांगितलं. मी चित्रकाराच्या आळसाची बाजू मांडली. ती फक्त आमच्या तोंडाकडे बघत होती. आदल्याच दिवशी हेच खरं आहे म्हणून सांगणारा माणूसही हाच, हे तिच्या लक्षात होतं.

दुसऱ्या दिवशीही तिनं फोन घेतला नाही. जेवलीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी चाचा ओसरीवर येऊन बसले. हातातला मोबाईल नुसता फिरवत होते.

"तीन हप्ते झाले, मास्तर. मी बी पाह्यली नाही तिले. निस्ता आवाज आयकून राह्यलो."

"आवाज तिचाच आहे ना?" मी म्हणालो.

"पिल्लू बी तसंच म्हनते."

पुसदच्या एप्रिलमध्ये, भर दुपारी, माझ्या हातावर काटा आला. मी पुस्तकं वाचणारा माणूस; तरी मी त्यांना म्हणालो, चेहरा दिसेल असा फोन लावा. त्यांनी लावला. जावयानं कापला. पुन्हा लावला. जावयानं उचलला, पण नुसता कानाला लावून म्हणाला, "आज नको, अब्बा." एवढंच. चाचांचा चेहरा मला बघवला नाही.

त्यांनी अर्ध्यावर उघडलेला टीव्ही तसाच टाकला, शटर ओढलं, पोरीला उचललं आणि नागपूरची गाडी धरली. पोरगी वाटभर विचारत राहिली असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला.

"पोचलो, मास्तर. हाय ती. आज ऑपरेशनले नेतेत. त्याच्यासाठीच जावई लपवून राह्यला होता. पोरगी दारातून एकडाव पाहून धावत गेली अंदर. बिना केसाचं डोस्कं कुरवाळून राह्यली."

"मग तुम्ही?"

"मी भाइरच उभा हाव. मले भेव लागते."

जा, मी म्हणालो. त्यांनी फोन बंद केला नाही, खिशात ठेवला असावा. दवाखान्यातल्या भांड्यांचा, चपलांचा आवाज येत राहिला. मग लांबून, फार थकलेला, एका बाईचा आवाज आला, "अब्बा, इधर आओ ना."

मी फोन कानाला धरून उभाच राहिलो. चाचांची पावलं मात्र मला ऐकू येईनात.