दुखून राहिलं

कॉलेज सुटल्यावर मी गोंदियातल्या एका खासगी दवाखान्यात फोनच्या टेबलावर बसते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे तिथे कुणाशी बोलायचं झालं की आधी मनात वाक्य जुळवते. मागे दवाखान्याने फोन घ्यायला यंत्र बसवलं. पेशंट बोलतो, यंत्र ते ऐकून दोन ओळींत लिहितं. कुणाला लगेच परत फोन करायचा आणि कुणाला सावकाश, हेही तेच ठरवतं.

एकदा इटियाडोह धरणाकडच्या गावातून एका माणसाने फोन केला. बायकोला सातवा महिना होता. तिचं पोट दुखून राहिलं, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. आमच्या बोलीत याचा अर्थ आत्ता दुखतं आहे. यंत्राने लिहिलं, 'पोट दुखायचं राहिलं'. म्हणजे थांबलं. आणि त्याचा फोन सगळ्यांच्या मागे टाकला. त्याला परत फोन गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन आला तेव्हा पोटातलं बाळ गेलं होतं.

तो माझ्या टेबलापाशी आला. आवाज चढवला नाही.

"मी त सांगतलो होतो ना जी, दुखून रायलं म्हणून. मंग कोनी फोन काऊन नाही केला?"

तो गेल्यावर मी त्याच्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं, यंत्राने लिहिलेलं शेजारी ठेवून वाचलं, तेव्हा कळलं.

मोठ्या डॉक्टरांनी बैठक घेतली. यंत्राच्या कंपनीचा माणूस नागपूरहून आला होता. नियमांत आपण चोख आहोत, असं त्याने सांगितलं. रेकॉर्डिंगला परवानगी घेतो, माहिती बाहेर जात नाही, मराठीची चाचणी पास आहे. चाचणीत बोलणारे कुठले होते, असं मी विचारलं. बहुतेक पुण्याचे, म्हणाला.

मी कसंबसं म्हटलं, "सर, आमची बोली याला कळेपर्यंत प्रत्येक फोन माणसाने ऐकायला हवा. आणि हे चुकायला लागलं तर बंद करायचा अधिकार इथे कुणाला तरी हवा."

कंपनीचा माणूस हसला. "मॅडम, अब हर गाँव के लिए अलग मशीन लाएँ क्या?"

डॉक्टर हसले नाहीत. पण तेवढी माणसं कुठून आणू, म्हणाले. शेवटी ठरलं की फोन लागताच सूचना वाजेल: कृपया शुद्ध मराठीत किंवा हिंदीत बोला. यंत्राच्या तपासणीच्या कागदांवर 'मानवी देखरेख' समोर माझं पद लिहिलं गेलं. यंत्र बंद करणं मात्र नागपूरच्या कंपनीच्याच हाती आहे.

देखरेख माझ्याकडे आहे, म्हणून मी रेकॉर्डिंग ऐकते. अनेकांत बोलणंच नसतं. सूचना संपते, पलीकडे कुणीतरी थोडं थांबतं, मागे कोंबडं किंवा मोटारसायकल ऐकू येते, आणि फोन कट होतो. यंत्र त्यापुढे लिहितं, 'तक्रार नाही'.