पाणी कुठवर आलं होतं

ऑफिसात तिला सगळे पाणीबाई म्हणत. कामच तसं होतं. कुठं नवी वसाहत उठवायची ठरली की आधी तिथं पूर कुठवर चढतो ते बघायला हिला धाडायचे. हिनं घरोघर जुन्या माणसांना विचारायचं, ते हात ठेवतील तिथं भिंतीवर खूण करायची, टेप लावायची. त्या खुणांवरून नकाशात पूररेषा आखली जाई, आणि रेषेच्या आत बांधकामाला बंदी. एवढी यंत्रं आली, तरी माणसांची साक्ष लागायचीच.

आणि माणसाच्या आठवणीइतकी निर्लज्ज चीज जगात दुसरी नाही, हे तिला या नोकरीनं शिकवलं.

या वेळची जागा म्हणजे नदीकाठची तिचीच गल्ली. ती लहान असताना मोठा पूर येऊन गेला तेव्हा नुकसानभरपाई वाटायला साहेब आले होते, तर जो तो हनुवटीला हात लावून सांगत होता, इथवर पाणी होतं. शिंपीमामांची तर म्हणे टोपीसुद्धा भिजली होती. आता बिल्डरचा डोळा गल्लीवर होता, आणि पूररेषा आडवी आली तर जागेला कुत्रंही विचारणार नव्हतं. झालं, पाणी भराभर उतरलं. शिंपीमामा म्हणाले, "चपला भिजल्या होत्या, बस्स." शेजारच्या काकू म्हणाल्या, "पूर कसला गं, नळ फुटला होता." उचलली जीभ, लावली टाळ्याला. वर 'आपलीच पोर' म्हणून पाठीवरून हात. तिला त्या हातांची शिसारी यायला लागली.

एक घर तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, आईचं. एक जरी खरी साक्ष मिळाली असती, तरी सगळी गल्ली नव्यानं तपासावी लागली असती. नाही मिळाली, तर त्या खळग्यात उठणाऱ्या इमारतीच्या तळमजल्यावर माणसं राहायला येणार, हे पक्कं. हिची स्वतःची साक्ष धरत नव्हते. कर्मचाऱ्याची चालत नाही. पण आई खोटं कशाला बोलेल? माळ्यावर जागा दोघांपुरतीच, म्हणून लेकरांना वर चढवून ती स्वतः खाली शिडी धरून उभी राहिली होती. वरून हिला नुसतं आईचं डोकं दिसत होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात.

कळतंय डोंबल.

"पोटरीपर्यंत असेल," आई म्हणाली. शेजारी दादा पायावर पाय टाकून बसला होता.

"आई, मी वर होते. तुझा गळा बुडाला होता."

"लहान होतीस. पोरांना सगळं मोठंच दिसतं."

"आणि तुला काय दिसत होतं?"

आईनं दादाकडं पाहिलं. मग दादाच बोलला, "उगाच हरिश्चंद्राचा अवतार होऊ नकोस. आपल्याला तिसऱ्या मजल्यावर घर मिळतंय. जन्मभर ओलीत काढलं हिनं, आता तरी कोरड्यात बसू दे."

तेही खोटं नव्हतं. भिंतींचे पोपडे आजही पडत होते, आईचे गुडघे आजही धरत होते.

"तळमजल्यावर जे येतील त्यांचं काय?" तिनं आईलाच विचारलं. "त्यांची पोरं?"

आईनं चष्मा काढून पुसला. "त्यांनाही आया असतील की," ती म्हणाली.

चहा तसाच टाकून ती निघाली आणि ऑफिसात जाऊन राजीनामा देऊन आली. सगळे म्हणाले, डोकं फिरलंय. दादानं बोलणं टाकलं.

तिच्या जागी नवा माणूस आला, तशी ती साक्षीदार म्हणून त्याच्यासमोर जाऊन बसली. त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, पाणी कुठवर आलं होतं. तिनं गळ्याला हात लावला.

"तुमच्या?"

"आईच्या," ती म्हणाली.