स्टेशनावर राहिलेली बदकीण

मी गणिताची मास्तरीण. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आयुष्यभर एकच प्रश्न विचारत आले - "तुम्ही स्वतः बघितलंत का?" एवढं विचारलं की लगेच समोरचा "नाही, आमच्या मेव्हण्याचा एक मित्र..." असं पुटपुटायला लागतो आणि विषय संपतो. घरी कुणी अंगारा आणून दिला तर मी त्याला चहा पाजते आणि अंगारा परत करते. या सदरातले अनुभवसुद्धा मी चुका शोधत वाचते. त्यामुळे आज मीच इथं लिहायला बसलेय याचं सगळ्यात जास्त हसू मलाच येतंय... पण हे मी स्वतः बघितलंय. तेही अमावास्येला पिंपळाखाली वगैरे नाही - भर दुपारी, टॉकीजमध्ये, मॅटिनीला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही बेळगावजवळच्या येळ्ळूरचे. मी कॅम्पातल्या एका शाळेत शिकवायचे आणि थोरल्या भावाकडे, अण्णाकडे राहायचे. अण्णा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होता. लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचा आधी लाकडी नमुना करतात. तो वाळूत दाबून काढला की जी पोकळी राहते तिच्यात लोखंडाचा रस ओततात. तो लाकडी नमुना करायचं काम अण्णाचं.

अण्णाला एकच लेक, सुमी. लहानपणी पोलिओ झालेला, डावा पाय लोखंडी कॅलिपरमध्ये. गुडघा वाकायचा नाही. जीभ मात्र आत्तीवर, म्हणजे माझ्यावर गेलेली.

त्या वर्षी कॅम्पातल्या टॉकीजला एक परदेशी कार्टून पिक्चर लागला. त्याचं इंग्रजी नाव कुणाला धड घेता येईना, म्हणून सगळे त्याला 'अस्वलाची आगगाडी' म्हणायचे. टोपीवालं अस्वल आगगाडी चालवतं आणि एकेका स्टेशनावर जंगलातली जनावरं गाडीत चढतात - बास, एवढीच गोष्ट. पण पोरं येडी झाली! आमच्या गल्लीत एकमेकांचे शर्ट धरून दिवसभर झुकझुक चालायची. सुमीला पळता येत नव्हतं, म्हणून पोरांनी तिच्या हातात एक शिट्टी देऊन तिला गार्ड केलं. सगळ्यात मागं कट्ट्यावर बसून ती शिट्टी मारायची, आणि तिची शिट्टी झाल्याशिवाय गाडी हलायची नाही.

त्याच सुमारास हसनचाचा घरी आले. त्यांचा लाकडी घोड्यांचा गोल पाळणा दरवर्षी आमच्या यात्रेत यायचा. हातानं ढकलून फिरवायचा. घोडे खिळखिळे झालेले, त्यांना डागडुजी हवी होती. अण्णानं एका घोड्याची मान हलवून बघितली, तर ती हातातच आली.

"चाचा, घोडी दमली आता," अण्णा म्हणाला. "पोरांस्नी अस्वल पायजे. पिक्चरातली जनावरं करू की!"

परदेशात म्हणे कार्टून पिक्चरवरून पाळणे काढतात, अख्ख्या बागा उभ्या करतात. नातू मला मोबाईलवर दाखवतो. मी म्हणते, बाबा रे, हे आमच्या परसात शेवग्याखाली कधीच झालंय.

अण्णा कामावरून आला की रंधा घेऊन बसायचा. अस्वल झालं, ससा झाला, कोल्हा, खार... शेवटची एक जागा त्यानं सुमीसाठी ठेवली होती. ती तोवर कधीच पाळण्यात बसली नव्हती. घोड्यावर टांग टाकायला पाय वाकायला नको?

"बोल, तुला काय करू?" अण्णानं विचारलं.

"बदकीण."

"पिक्चरात बदकीण कुठं हुती गं?"

"हुती की! शेवटच्या स्टेशनावर. पाय दुखतोय तिचा, म्हणून गाडी गावली न्हाय तिला. डाव्या पायाला वर फडकं बांधलंय. गळ्यात घंटी हाय."

मी तिच्या शेजारी बसूनच तो पिक्चर बघितला होता. बदकीण नव्हती. मी म्हटलं, "सुमे, थापा मारू नकोस." तर म्हणाली, "आत्ती, तू डुलक्या काढत हुतीस." घ्या! मी काय गप्प बसणारी आहे? पुढच्या रविवारी एकटीच जाऊन मी तो पिक्चर पुन्हा बघितला, पापणी न लववता. बदकीण नव्हती म्हणजे नव्हती.

तरी अण्णानं ती केली. लेकीनं मागितली, विषय संपला. ऐसपैस पाठ, टेकायला मागं शेपटी. आणि डावा पाय सुटा ठेवला. खुंटी ओढली की लाकडी पाय निघायचा आणि त्या जागी सुमीचा कॅलिपरचा पाय सरळ बसायचा. आता इथं नीट लक्ष द्या. अण्णाच्या कारखान्यात एक पद्धत होती - नमुन्याचा एखादा तुकडा सुटा असेल, तर तो जिथं बसतो ती जागा पिवळी रंगवून तिच्यावर तांबडे पट्टे मारायचे, म्हणजे पुढच्या माणसाला कळतं. सुमीनं फडक्याचा रंग सांगितलाच नव्हता. अण्णानं सवयीनं त्या सांध्यावरचं फडकं पिवळं केलं आणि वर तांबडे पट्टे ओढले. मग स्वतःच हसला. "आयला, हात आपोआप गेला बघ. ऱ्हाऊ दे तसंच."

यात्रेत पाळणा लागला तेव्हा ही झुंबड! सुमी नवा झगा घालून बदकिणीवर बसली. दोन फेऱ्या झाल्या असतील. पुढं अस्वलावर बसलेली शेजारची मंदा मागं वळून ओरडली, "ही पिक्चरात न्हायच! लंगड्या पोरीला तिच्या बानं लंगडी बदकीण करून दिलीया!"

पोरं खिदळली. सुमीचा चेहरा लालबुंद झाला. पाळणा ढकलणाऱ्या अण्णाला ती म्हणाली, "आप्पा, सांग की ह्यांस्नी! हुती का न्हाय?"

अण्णा थांबला. आमच्या अण्णाला खोटं बोलता येत नसे, तो त्याचा गुण म्हणा की खोड. "मला... दिसली न्हाय बाळा," तो म्हणाला.

सुमी दांडा धरून आपली आपण खाली उतरली. त्यानंतर दरवर्षी हसनचाचा तिच्यासाठी बदकीण रिकामी ठेवायचे, आणि ती म्हणायची, "आधी ती खरी हाय म्हणा, मग बसते." चाचा म्हणायचे, मीही म्हणायचे. पण आमची तोंडं बघून तिला कळायचं. गल्लीतली शिट्टीसुद्धा तिनं परत देऊन टाकली. अण्णाचा जीव नुसता तुटायचा. "माझ्या एका शब्दानं पोरगी उतरली गं," तो मला म्हणायचा.

तीन-चार वर्षं गेली. त्याच टॉकीजला 'अस्वलाची आगगाडी'चा दुसरा भाग लागला. सुमी यायला तयार नव्हती. अण्णानं तिला जवळजवळ उचलूनच सायकलवर बसवलं. टॉकीजमध्ये आमची निम्मी गल्ली होती, पुढच्या रांगेत मंदाही होती.

गाडी निघाली. गाणं झालं. मग अस्वलानं मागं वळून डबे बघितले, डोकं खाजवलं आणि गाडी उलटी घेतली. मागचं स्टेशन आलं. रिकामा फलाट... आणि फलाटावर बदकीण! गळ्यात घंटी. डाव्या पायाला, बरोबर वर, फडकं. पिवळं. त्यावर तांबडे पट्टे.

माझ्या हातातली शेंगांची पुडी खाली पडली. अण्णा ताडकन उभा राहिला. मागची माणसं ओरडायला लागली, "ओ, बसा की खाली!" त्याला ऐकूच येत नव्हतं. मंदा पडद्याकडे पाठ करून सुमीकडे बघत होती, तोंड उघडं टाकून. आणि सुमी? शांत.

"आली बघ आप्पा," ती म्हणाली. "लई उशीर केला."

"व्हय गं माझे बाय," अण्णा म्हणाला, "हुती." आणि तिचा हात धरून तो लहान मुलासारखा रडला.

मी काय गप्प बसले नाही. दुसऱ्या भागाची चित्रं आधी कुठं छापून आली होती का, टॉकीजवाल्यांकडे पोस्टर आलं होतं का - सगळीकडे विचारलं. कुणी काही सांगू शकलं नाही. समजा, सुमीनं कुठंतरी चित्र बघितलं असेल. मानलं. पण मग ते पट्टे? ते तिनं सांगितले नव्हते, ते अण्णाच्या हाताच्या सवयीनं उमटले होते! आणि अण्णानं असलं चित्र बघितलं असतं, तर त्या यात्रेत लेकीसमोर तो तसा मान खाली घालून उभा राहिला असता का? योगायोग म्हणावं, तर बदकीण, डावा पाय, घंटी, पिवळा, तांबडा... इतके योगायोग मी कुठल्या फळ्यावर मांडू?

त्या वर्षीच्या यात्रेत सुमी स्वतः म्हणाली, "आप्पा, बसव." उंच झाली होती, कॅलिपरचा पाय जवळजवळ जमिनीला टेकत होता. मंदानं शिट्टी आणून तिच्या हातात दिली आणि अण्णाच्या शेजारी पाळणा ढकलायला उभी राहिली. शिट्टी झाली तेव्हाच पाळणा हलला.

आज अण्णा नाही, हसनचाचा नाहीत. बदकीण माझ्या पडवीत आहे. सुमी बेळगावात मोठ्या हुद्द्यावर आहे, निवृत्तीला आलीय. मागच्या महिन्यात चहा पिताना मी तिला पुन्हा एकदा विचारलंच, "खरं सांग गं, तुला ती आधी कशी दिसली?"

तिनं बदकिणीच्या पाठीवरची धूळ हातानं पुसली. "मी गार्ड हुते की आत्ती," ती म्हणाली. "गार्ड शेवटच्या डब्यात असतोय. मागं कोण ऱ्हायलं, ते त्यालाच दिसतंय."

असं उत्तर कुणी मला पेपरात लिहिलं असतं तर मी सरळ शून्य दिलं असतं. पण दुसरं उत्तर माझ्याकडेही नाही... त्यामुळे तो पेपर मी अजून तपासायचा ठेवलाय.