चिमट्यातली ऊ

घड्याळजीचा हात कधी थरथरत नाही, असं गल्लीतले सगळे सांगत. तिळाएवढा स्क्रू चिमट्यात धरून तो गिऱ्हाइकाशी खुशाल हुज्जत घालायचा. त्या दुपारी मात्र शटर अर्धं ओढून तो मागच्या खोलीत स्टुलावर बसला होता आणि त्याचा चिमटा पांढऱ्या कागदावर टकटक वाजत होता.

तीन आठवडे त्याच्या जांघेत खाज सुटली होती. आधी वाटलं घामोळं, मग साबणावर खापर फोडून झालं. आज तिथल्या केसांतून एक करडा ठिपका निघाला, म्हणून सवयीने त्याने डोळ्याला भिंग लावलं. ठिपक्याला सहा पाय होते. पुढचे दोन किरकोळ, मागचे चार खेकड्यासारखे जाडजूड आणि आकडे असलेले. आणि ते हलत होते. घड्याळजीने भिंग काढून ठेवलं.

किड्याची भीती नव्हती हो. कुठून आला ते त्याला पक्कं ठाऊक होतं, त्याची होती. महिनाभरापूर्वी सुटे भाग आणायला तो परगावी गेला, मुक्काम पडला आणि जे सव्वीस वर्षांत केलं नव्हतं ते एका लॉजमध्ये करून बसला. त्यात गेला आठवडाभर बायको पाठदुखीचं निमित्त सांगून बाहेरच्या खोलीत झोपत होती. तिला कळलं, दुसरं काय! आता संसार मोडणार.

घाबरलेल्या माणसाची अक्कल गहाण पडते. हा तर घड्याळजी. यंत्रात घाण बसली की पेट्रोलने धुवायची, एवढं एकच शास्त्र त्याला येत होतं. त्याने कापूस बुडवला आणि फासला. पुढची दहा मिनिटं तो तोंडात रुमाल कोंबून खोलीभर नाचत होता आणि बाहेर एक म्हातारं गिऱ्हाईक गजराचं घड्याळ घेऊन शटर वाजवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरीण निघाली त्याच्या लेकीच्या वयाची. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. तिने मात्र सर्दी तपासावी तितक्या शांतपणे तपासलं.

"पेट्रोल कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. आपलं मीच."

"परत लावू नका. आधी ही जळलेली कातडी दोन दिवसांत बरी होऊ द्या. मग हे क्रीम. दहा मिनिटं ठेवायचं, धुवायचं. लिखा राहतात, त्या फुटतात, म्हणून नऊ दिवसांनी पुन्हा. चादरी, टॉवेल, आतले कपडे गरम पाण्यात धुवून कडक वाळवा. केस काढायची गरज नाही. आणि हा काही घाणेरडेपणाचा रोग नाही, रोज आंघोळ करणाऱ्यालाही होतो."

"संडासातून आलं असेल का?" त्याने आशेने विचारलं.

"नाही. अंगाला अंग लागल्यावर येतं. चादरी-कपड्यांतून क्वचित." तिने चिठ्ठीवरून मान वर केली. "बायकोनेही त्याच दिवशी लावायचं, नाहीतर तुमच्याकडून तिच्याकडे आणि तिच्याकडून तुमच्याकडे चालूच राहील. शिवाय दोघांचंही रक्त तपासून घ्या. अशा वेळी सोबत दुसरं काही आलेलं असू शकतं."

बायकोनेही! घरापर्यंतच्या रस्त्यात त्याने अठरा थापा रचल्या आणि अठराही मोडीत काढल्या.

बायको मशीनवर कुणाचे तरी पडदे शिवत होती. त्याला पाहताच तिने चाक हाताने थांबवलं. "अहो, बसा जरा. मला बोलायचंय."

तो खाटेच्या कडेला टेकला.

"रागावू नका," ती म्हणाली. "मला खाली उवा झाल्यात. ताईजवळ दवाखान्यात राहिले ना, तिथल्या ब्लँकेटमधून आल्या असतील. रोज कपडे उकळतेय, तरी जात नाहीत. तुम्हाला लागू नयेत म्हणून इकडे झोपते. शपथ घेऊन सांगते, मी वाकडं पाऊल टाकलेलं नाही. तुम्ही भलतंच समजाल या भीतीने आठ दिवस जेवण गेलं नाही हो मला."

सुटका समोर ताटात वाढून ठेवली होती. 'हो, ब्लँकेटच असेल,' एवढंच म्हणायचं होतं. क्रीम तिला द्यायचं, वर आपणच मोठ्या मनाने माफ करायचं. शब्द अगदी ओठांवर आले होते. मग त्याची नजर तिच्या हातांवर गेली. सोड्याच्या उकळत्या पाण्याने बोटं सोलवटून निघाली होती.

त्याने खिशातली ट्यूब काढून पडद्यावर ठेवली. "ब्लँकेटमधून नाही. माझ्याकडून आल्यात. मागच्या महिन्यात, परगावी."

तिने ट्यूब उचलून हातात धरली. त्याला वाटलं, आता रडेल, भांडेल, बॅग भरेल. सगळ्याची त्याने तयारी ठेवली होती.

"आणि मी तुम्हाला घाबरत होते," ती म्हणाली.

याची तयारी त्याने ठेवली नव्हती.

तिने ट्यूबवरचा कागद उलगडला, शेवटपर्यंत वाचला आणि उठून कॅलेंडरवर दोन तारखांना पेन्सिलने गोल केला. मग पुन्हा मशीनवर बसली. हात इतके थरथरत होते की सुईत दोरा जाईना. घड्याळजी मदतीला पुढे झाला, तर तिने पडदा आपल्याकडे ओढून घेतला.