स्नो ब्लोअरमधलं जुनं पेट्रोल

सिंगापूरला पासिर रिसच्या माझ्या फ्लॅटमध्ये बारा महिने पंखा फिरतो. ऋतू संपला म्हणून आवरून ठेवावं असं इथे काहीच नाही. तरी या एप्रिलमध्ये एका रविवारी सकाळी मी व्हिडिओ कॉलवर कॅनडातला स्नो ब्लोअर, म्हणजे दारातला बर्फ उडवायचं मशीन, आवरून ठेवायला शिकवत होतो. समोर धाकट्या भावाची बायको होती. तिच्याकडे शनिवारची संध्याकाळ. भाऊ जानेवारीत गेला.

ते मशीन मीच घेऊन दिलेलं. आदल्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याचा शेजारी ते विकत होता. मी जहाजावर फिटर म्हणून लागलो, आता इथे जहाजांच्या जुन्या सुट्या भागांचा धंदा करतो. सांगितलेल्या किमतीला काही घेणं माझ्या हातून होत नाही. अर्धा तास घासाघीस करून निम्म्यात आणलं.

घरात आल्यावर भाऊ म्हणाला, “दादा, तू विमानात बसशील. मला रोज त्या माणसाला तोंड दाखवायचंय.”

माझं डोकं फिरलं. वडिलांच्या मागे ज्याला वाढवलं, त्यालाच माझी लाज वाटावी? नको ते बोललो. निघताना एवढंच म्हणालो, “बर्फ संपला की फोन कर. टाकी कशी रिकामी करायची ते सांगतो. पेट्रोल राहिलं तर कार्ब्युरेटर चोंदेल.”

त्याने फोन केला नाही. मीही नाही. सौद्यात आधी बोलतो तो हरतो, या एका नियमावर मी धंदा उभा केला.

पेट्रोल तसंच राहिलं. जानेवारीत मशीन सुरू होईना, म्हणून तो फावडं घेऊन बाहेर गेला आणि बर्फातच कोसळला. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच कमजोर होतं, केव्हाही झालं असतं. हे वाक्य मी घोकत असतो. नंतर कार्ब्युरेटर साफ करून मशीन चालू करून दिलं त्याच शेजाऱ्याने.

“टाकी रिकामी झाली, दादा. इंजिन आपोआप बंद पडलं,” ती स्क्रीनवरून म्हणाली.

“आता इंजिनचा स्पार्क प्लग काढ. त्या भोकात चमचाभर ऑइल सोड.”

“स्वयंपाकातला चमचा नाही देणार हं. यांच्या औषधाचं झाकण आहे, चालेल?”

“चालेल. आता दोरी हळू ओढ. दोनदा. आत तेल पसरू दे.”

तिने ओढली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “गेल्या एप्रिलभर फोन जवळ घेऊन बसायचे. म्हणायचे, दादा करेल. का नाही केलात?”

तो धाकटा होता, त्याने करायला हवा होता. मला आजही तसंच वाटतं.

“प्लग बसव,” मी म्हणालो. “वरून जुनी चादर टाक.”

“आणि नोव्हेंबरात सुरू करताना? फोन करू?”

“नको. मी करीन.”