अकरा नावं आणि बारावं

"माणूस गेला की त्याचे कपडे वाटून टाकतात, नाव कुणी घेत नाही, म्हणून ते मी ठेवतो."

हे वाक्य मास्तरांनी एका मुलाखतीत सहज टाकलं होतं. छापून आल्यावर त्यांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बापरे, मी असा बोलतो?"

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. वडिलांचं शिंप्याचं दुकान, तिथे वयाच्या चौदाव्या वर्षापासून काज करायला बसलेले, म्हणून गिऱ्हाइकांचे मास्तर. पुढे नाटकं लिहू लागले तरी नाव तेच राहिलं. यहुदी घर. शनिवारी दुकान बंद, बाकी सहा दिवस सुई चालू. दुकानात कात्रीशेजारी एक पत्र्याचा डबा असायचा. प्रार्थनेच्या पुस्तकातली फाटकी पानं त्यात जायची, कारण देवाचं नाव लिहिलेला कागद टाकायचा नसतो. डबा भरला की तो रीतसर पुरायचा. मास्तरांच्या डोक्यात लहानपणीच काहीतरी उलटसुलट शिवलं गेलं: देवाचं नाव टाकायचं नाही, तर माणसाचं तरी का टाकायचं?

पहिलं नाटक निघालं ते एका कोटामुळे. धुलाईवाल्याकडे काम करणारा एक पोरसवदा माणूस कोट देऊन गेला, बटणं लावायला. चौकीवर चौकशीला बोलावलं म्हणून गेला, तो परत आला नाही. मास्तर कोट हातावर टाकून चौकीत गेले. "असा कुणी आमच्याकडे आलेलाच नाही," हवालदार म्हणाला. "मग हा कोट कुणाचा?" मास्तरांनी विचारलं. हवालदाराने कोट उलटसुलट पाहिला. "शिलाई छान आहे," तो म्हणाला.

मास्तरांनी घरी येऊन कापडाचे नमुने कापायच्या तपकिरी कागदावर नाटक लिहिलं. पहिल्या अंकाच्या मागच्या बाजूला कुणाच्या तरी विजारीचं माप होतं.

त्यानंतर बेचाळीस वर्षं. चौदा नाटकं. दोहोंवर बंदी, एक तिसऱ्या प्रयोगानंतर बंद. दर मंगळवारी ते मानवी हक्क समितीच्या कचेरीत बसायचे. पायऱ्या चढून दम लागलेल्या आयांना आधी पाणी द्यायचे, मग त्यांची जबानी उतरवून घ्यायचे. कुणी टोमणा मारलाच, "तुमच्या लोकांवर का लिहीत नाही?", तर म्हणायचे, "लिहितोय की. ज्यांचं नाव खोडलं ते सगळे माझेच लोक." बिरादरीतले वडीलधारेही वैतागायचे: "अरे, शनिवारी तरी सरकारला सुट्टी दे!"

या बेचाळिसांपैकी तीस वर्षं विंगेत मावशी होती. मावशी म्हणजे प्रॉम्प्टर. मास्तरांपेक्षा अठरा वर्षांनी लहान, तरी मास्तरही तिला मावशीच म्हणायचे. नट अडला की संहितेतलं पुढचं वाक्य हळूच पुरवायचं, हे तिचं काम. हळूच हे आपलं म्हणायला. तिची कुजबुज तिसऱ्या रांगेपर्यंत जाते, हा कंपनीतला जुना विनोद. "मावशी, जरा हळू, समोरच्यांना तिकिटाचे पैसे पडलेत," असं नट म्हणायचे. मावशी म्हणायची, "मग पाठ करा की, राजे."

पंधराव्या नाटकात एक आई चौकीच्या खिडकीशी उभी राहून अकरा नावं वाचते. कोठडीतून परत न आलेल्यांची, खरीखुरी. परवानगी खात्याच्या साहेबांनी अकराही नावांवर लाल पेन्सिल मारली. नावं गेली तर परवानगी, नाहीतर नाही.

सगळ्यांना वाटलं, मास्तर भांडणार. मास्तर म्हणाले, "ठीक." खोडलेली पानं त्यांनी घडी करून पत्र्याच्या डब्यात ठेवली. वडिलांचाच डबा, आता त्यात नाटकांची पानं. नव्या संहितेत नावांच्या जागी लिहिलं: *ती गप्प राहते.* अकरा वेळा. साहेबांनी सही केली. गप्प राहण्यावर आक्षेप घ्यायला नियम नव्हता.

"मावशी," मास्तरांनी बजावलं, "त्या जागी तोंड उघडायचं नाही."

"मी काय दूधपिती आहे?" मावशी फणकारली.

पहिला प्रयोग दुपारचा. साहेब कडेच्या खुर्चीत. आई खिडकीशी आली, कागद उघडला आणि गप्प राहिली.

एक. दोन. तीन.

तीस वर्षांत मावशीने तीनच्या पुढे कुठल्याही नटाला अडकू दिलं नव्हतं. दोन महिने तालीम तिने नावांसकट ऐकली होती. डोकं म्हणालं थांब. जीभ तोवर निघून गेली होती. धुलाईच्या दुकानातल्या त्या कोटवाल्याचं नाव, पहिलं नाव, तिसऱ्या रांगेपर्यंत खणखणीत पोचलं.

मावशीने तोंडात रुमाल कोंबला. मेलो आपण, तिला वाटलं. नाटक मेलं.

आई दुसऱ्यांदा गप्प राहिली. तेव्हा तिसऱ्या रांगेतून एक म्हातारा उठला आणि त्याने आपल्या भावाचं नाव घेतलं. मग एक बाई. मग दोघं एकदम. मंगळवारची सगळी माणसं तिथे बसली होती. तिकिटं मास्तरांनीच वाटली होती, सगळी तिसऱ्या रांगेची. तो योगायोग होता की शिलाई, हे मावशीला आजही कळलेलं नाही.

पडदा पडल्यावर व्यवस्थापकाच्या खोलीत साहेब टेबलाशी बसले. मावशी दाराला टेकून उभी.

"प्रेक्षक बोलले त्याला मी काही करू शकत नाही," साहेब म्हणाले. "पण पहिलं नाव विंगेतून आलं. कुणी घेतलं? एवढं लिहून द्या. त्या व्यक्तीला रंगमंचावर बंदी, नाटक चालू. नाही दिलंत तर परवानगी रद्द." त्यांनी कागद सरकवला. वर मजकूर छापलेला, खाली एका नावापुरती जागा.

"मास्तर," व्यवस्थापक काकुळतीला आला, "चाळीस प्रयोग लागलेत हो. एकच तर नाव आहे."

"नावं सांगायची तुम्हाला भारी हौस ना?" साहेब हसले. "सांगा."

मास्तर सत्तरीचे. हे नाटक गेलं तर पुढचं होईल याची खात्री त्यांच्या डॉक्टरलाही नव्हती. मावशीला हे माहीत होतं. मीच सांगते, एकदाचं संपवते, म्हणून तिने तोंड उघडलं. मास्तरांनी तिच्याकडे न पाहता एक बोट वर केलं. तालमीत विरामाला करायचे तसं.

एक. दोन. तीन. चार. या वेळी मावशी थांबली.

मास्तरांनी कागद उचलला. कोऱ्या जागेवर अंगठा फिरवला, कापडाचा पोत बघावा तसा. मग कडा जुळवून त्याची चौघडी केली, सोबत आणलेल्या डब्याचं झाकण उघडलं, लाल पेन्सिलीच्या पानांवर ती ठेवली आणि झाकण दाबून लावलं.

खुंटीवरून त्यांनी एक जुना कोट काढला. बटणं सगळी शाबूत होती. तो त्यांनी घातला नाही. हातावर टाकला, डबा काखेत मारला आणि मावशीसाठी दार उघडून धरलं. ती बाहेर पडल्यावर तिच्यामागून तेही निघून गेले.